दोन घरे असलेल्या जोडप्यांसाठी अमेरिकेतील घरविक्रीच्या नफ्यावरील करसवलत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत दोन घरे असणे आता नवलाईचे राहिलेले नाही. तिशीच्या मध्यावर लग्न करणाऱ्या दोघांनीही आधीच आपापली सदनिका घेतलेली असते. कोणी नोकरीसाठी दोन शहरांत राहतात, कोणी हिवाळ्यापुरते फ्लोरिडात घर घेतात, तर कोणाचा पुण्यातला किंवा ठाण्यातला फ्लॅट तसाच सांभाळलेला असतो. यांपैकी एखादे घर विकायची वेळ आली की ‘नवराबायकोला पाच लाख डॉलर माफ असतात’ हे वाक्य हमखास कानावर पडते. ते अर्धेच खरे आहे. ही सवलत घराच्या नावावर नसते, ती व्यक्तीला मिळते आणि त्या व्यक्तीने त्या घरात काढलेल्या दिवसांवर ठरते. त्यामुळे दोन घरे असली की हिशेब प्रत्येक घराचा आणि प्रत्येक जोडीदाराचा असा वेगवेगळा मांडावा लागतो. पुढील प्रश्नोत्तरे अमेरिकी संघीय प्राप्तिकराविषयी आहेत. भारतातील कराचा उल्लेख संबंध येईल तेवढाच केला आहे.

१. ही सवलत नेमकी काय आहे?

अमेरिकी प्राप्तिकर संहितेच्या कलम १२१ नुसार, मुख्य निवासस्थान विकून झालेल्या नफ्यापैकी एका व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंतचा आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या पतीपत्नींना ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करपात्र उत्पन्नातून वगळता येतो. त्यासाठी विक्रीच्या तारखेपूर्वीच्या पाच वर्षांत घराची मालकी किमान दोन वर्षे असावी लागते आणि त्याच पाच वर्षांत किमान दोन वर्षे ते घर आपले मुख्य निवासस्थान असावे लागते. ही दोन वर्षे सलग असण्याची गरज नाही. २४ पूर्ण महिने किंवा एकूण ७३० दिवस भरले की पुरते.

भारतातील कायद्याची सवय असलेल्यांचा येथे एक गैरसमज होतो. भारतात घर विकून आलेला नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर करातून सूट मिळते, म्हणून येथेही नवे घर घेणे बंधनकारक आहे असे अनेकांना वाटते. अमेरिकेत तशी तरतूद पूर्वी होती. महागडे घर घेऊन नफा पुढे ढकलता येत असे आणि पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्यात एकदाच १,२५,००० डॉलरची सूट मिळत असे. १९९७ च्या कायद्याने ही व्यवस्था मोडीत काढली आणि ६ मे १९९७ नंतरच्या विक्रीला आजचा नियम लागू झाला. विक्रीच्या पैशातून नवे घर घ्या, भाड्याच्या घरात राहा किंवा ते पैसे बँकेत ठेवा, सवलतीला त्याने फरक पडत नाही. अडीच आणि पाच लाखांचे आकडे मात्र १९९७ चेच आहेत, ते महागाईशी जोडलेले नाहीत. कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत वीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांना ते आज तोकडे पडतात, यात काही आश्चर्य नाही.

२. पाच लाखांची मर्यादा कोणत्या जोडप्याला मिळते?

पतीपत्नींनी संयुक्त विवरणपत्र भरलेले असावे. मालकीची अट दोघांपैकी कोणीही एकाने पूर्ण केली तरी चालते, पण निवासाची अट दोघांनीही पूर्ण करावी लागते. शिवाय विक्रीपूर्वीच्या दोन वर्षांत दोघांपैकी कोणीही दुसऱ्या एखाद्या घरासाठी ही सवलत वापरलेली नसावी. घर फक्त पत्नीच्या नावावर असले तरी दोघेही तेथे दोन वर्षे राहिले असतील, तर पूर्ण पाच लाखांची मर्यादा लागू होते. पत्राच्या पेटीवर कोणाचे नाव आहे हे कायदा विचारत नाही.

यांपैकी एखादी अट अपुरी राहिली म्हणून सवलत पूर्णपणे बुडत नाही. मग दोघांना एकटे समजून प्रत्येकाची स्वतंत्र मर्यादा काढली जाते आणि त्या दोन मर्यादांची बेरीज जोडप्याला मिळते. ही बेरीज काढताना एकाची मालकी दुसऱ्याचीही धरली जाते, एकाचा निवास मात्र दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही. दोन घरांच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या एका फरकात आहे.

३. लग्नापूर्वी दोघांचे वेगवेगळे घर होते. दोन्ही विकायची आहेत. काय होईल?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून आकड्यांसह पाहू. समजा, पत्नीची जर्सी सिटीत सदनिका आहे आणि पतीचे एडिसनमध्ये टाउनहाउस आहे. दोघेही आपापल्या घरात लग्नापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ राहिले आणि लग्नानंतर दोन्ही घरे विकून त्यांनी तिसरे घर घेतले. पत्नीच्या सदनिकेवर १,८०,००० डॉलर आणि पतीच्या घरावर ३,१०,००० डॉलर नफा झाला. दोन्हींची बेरीज ४,९०,००० होते, म्हणजे पाच लाखांच्या आतच, त्यामुळे सारे माफ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु पत्नी पतीच्या घरात राहिलेली नाही आणि पती पत्नीच्या घरात राहिलेला नाही. पत्नीला तिच्या घरावर अडीच लाखांपर्यंत आणि पतीला त्याच्या घरावर अडीच लाखांपर्यंत, अशा दोन स्वतंत्र मर्यादा लागू होतात. पत्नीचे १,८०,००० पूर्ण वगळले जातात, पतीचे २,५०,००० वगळले जातात आणि उरलेले ६०,००० डॉलर करपात्र ठरतात. पत्नीच्या मर्यादेतील न वापरलेले ७०,००० डॉलर पतीच्या घराकडे वळवता येत नाहीत. संयुक्त विवरणपत्र भरले तरी हाच नियम आहे.

आता याच जोडप्याने वेगळा मार्ग धरला असे समजू. जून २०२२ मध्ये लग्न झाल्यावर पत्नी सदनिका सोडून पतीच्या घरी राहायला गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सदनिका विकून तिने स्वतःची सवलत घेतली. जून २०२४ मध्ये पतीच्या घरातील तिचा दोन वर्षांचा निवास पूर्ण झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या आधीच्या विक्रीलाही दोन वर्षे होऊन गेली. त्यानंतर एडिसनचे घर विकले तर दोघांचीही अट पूर्ण झालेली असल्याने ३,१०,००० डॉलर पूर्णपणे वगळले जातात. थोडा धीर धरल्याने साठ हजारांवरील कर वाचतो.

मात्र सदनिका लगेच न विकता ‘भाडे तर येते आहे’ म्हणून ठेवली तर गणित फिरते. पाच वर्षांत दोन वर्षे राहिलेले असावे या अटीमुळे घर सोडल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत ते विकावे लागते. पत्नीने सदनिका मे २०२५ मध्ये विकून सवलत घेतली, तर एडिसनचे घर मे २०२७ पर्यंत पाच लाखांच्या मर्यादेत बसत नाही. तोपर्यंत विकले तर केवळ पतीची अडीच लाखांची मर्यादा मिळेल. उलट, एडिसनचे घर आधी विकून तेथे दोघांची मिळून सवलत वापरली, तर पत्नीची पुढची दोन वर्षे अडकतात आणि तेवढ्यात तिच्या सदनिकेची तीन वर्षांची मुदत संपून जाऊ शकते. म्हणून दोन घरांपैकी ज्यातून आपण बाहेर पडलो आहोत ते आधी विकावे, असे या लेखकाचे मत आहे. भाड्याच्या मोहापायी ही मुदत हातची गेल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

४. दोन्ही घरे एकाच वर्षी विकली तर ‘दोन वर्षांत एकदाच’ हा नियम आड येत नाही का?

आधीच्या उदाहरणासारखी प्रत्येकाने आपापल्या घरावर स्वतःचीच सवलत घेतली, तर येत नाही. दोन वर्षांचा कालावधी प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र मोजला जातो. एकाच व्यक्तीने दोन घरांसाठी सवलत मागितली तरच तो आड येतो.

५. आम्ही वर्षातून काही महिने एका घरात आणि काही महिने दुसऱ्या घरात राहतो. मुख्य निवासस्थान कोणते?

एका वेळी एका व्यक्तीचे मुख्य निवासस्थान एकच असू शकते. ते ठरवताना वर्षाचा अधिक काळ कोणत्या घरात गेला याला सर्वाधिक वजन दिले जाते. कोषागार विभागाच्या नियमांतील उदाहरणातला गृहस्थ दरवर्षी सात महिने न्यू यॉर्कच्या आणि पाच महिने फ्लोरिडाच्या घरात राहतो. अशा वेळी अन्य काही पुरावा नसेल तर न्यू यॉर्कचेच घर मुख्य ठरते. पाच वर्षांत त्याचे फ्लोरिडातील एकूण वास्तव्य दोन वर्षांहून अधिक भरत असले, तरी फ्लोरिडाच्या घराला सवलत मिळत नाही. महिन्यांची बेरीज करून ‘७३० दिवस तर झाले’ असे समाधान मानणाऱ्यांनी हे उदाहरण दोनदा वाचावे, कारण ते ७३० दिवस घर मुख्य निवासस्थान असतानाचे असावे लागतात.

याच नियमांतील दुसरे उदाहरण अधिक उदार आहे. व्हर्जिनिया आणि मेन येथे घरे असलेली एक व्यक्ती १९९९ आणि २००० मध्ये व्हर्जिनियात, २००१ आणि २००२ मध्ये मेनमध्ये आणि २००३ मध्ये पुन्हा व्हर्जिनियात राहते. मधल्या काळात मुख्य घर बदलले आणि प्रत्येक घरी दोन वर्षे भरली. म्हणून २००४ मध्ये ती दोहोंपैकी कोणतेही एक घर सवलतीसह विकू शकते, दोन्ही मात्र नाही.

दिवसांखेरीज इतर खुणाही पाहिल्या जातात. नोकरीचे ठिकाण, कुटुंबीय कोठे राहतात, विवरणपत्रावरचा, वाहन परवान्यावरचा, गाडीच्या नोंदणीवरचा आणि मतदार नोंदणीवरचा पत्ता, बिले कोठे येतात, बँक कोणत्या गावची आहे, इतकेच नव्हे तर देवस्थान आणि क्लब यांचे सदस्यत्व कोठे आहे, या सर्वांची नियमांत नोंद आहे. मुले ज्या शाळेत जातात आणि गणपती ज्या मंडळात बसतो ते गाव एक, तर परवान्यावरचा पत्ता दुसऱ्याच गावचा, अशी विसंगती असेल तर तपासणीच्या वेळी खुलासा करणे जड जाते. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून परवाना तेथला काढायचा आणि सवलत मात्र न्यू जर्सीच्या घरावर मागायची, हा दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचा प्रकार आहे. एकीकडचा दावा दुसरीकडच्या दाव्याला खोटे पाडतो.

६. नोकरीमुळे पती सिएटलला आणि पत्नी सॅन होजेला राहते. दोघांचे मुख्य घर वेगळे असू शकते का?

असू शकते. निवासाची अट प्रत्येक जोडीदाराची स्वतंत्र तपासली जाते, त्यामुळे विवाहित असूनही दोघांची निवासस्थाने वेगळी ठरू शकतात. पतीच्या मालकीचे सिएटलचे घर विकले आणि तेथे केवळ तोच दोन वर्षे राहिला असेल, तर मर्यादा अडीच लाखांची आहे. पत्नीच्या मालकीचे सॅन होजेचे घर विकले तर तिची स्वतंत्र अडीच लाखांची. शनिवार-रविवारच्या भेटी निवासात मोडत नाहीत. मात्र प्रत्येकाची नोकरी, परवाना आणि रोजचे वास्तव्य खरोखरच आपापल्या शहरात असल्याचे कागद दाखवता आले पाहिजेत. घरे दोघांच्या नावावर असतील तर विक्रीपूर्वीच सल्ला घेतलेला बरा, कारण तेव्हा नफ्याची वाटणी हाही प्रश्न उभा राहतो.

७. लहान घरावर सवलत वापरून बसलो आणि वर्षभरात मोठे घर विकावे लागले. काही इलाज आहे का?

आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. ही सवलत सक्तीची नाही. एखाद्या विक्रीसाठी ती नको असेल तर त्या विक्रीचा नफा विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवायचा, की सवलत सोडल्याची निवड झाली. ही निवड नंतरही करता येते. ज्या वर्षी विक्री झाली त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याच्या मूळ अंतिम तारखेपासून तीन वर्षांपर्यंत सुधारित विवरणपत्र भरून सवलत सोडता येते, तसेच सोडलेली परतही घेता येते. समजा, पहिल्या घरावर ४०,००० डॉलर नफा वगळला होता आणि चौदा महिन्यांनी दुसऱ्या घरावर २,३०,००० डॉलर नफा झाला. पहिल्या वर्षाचे विवरणपत्र सुधारून चाळीस हजारांवर व्याजासह कर भरला, तर दुसऱ्या घराचा मोठा नफा सवलतीस मोकळा होतो. अर्थात, दुसऱ्या घरावर मालकीची आणि निवासाची अट पूर्ण झालेली असावी लागते.

८. भाड्याने दिलेले किंवा सुट्टीपुरते वापरलेले दुसरे घर दोन वर्षे राहून मग विकले तर सारा नफा माफ होतो का?

२००८ पर्यंत ही पळवाट होती. त्या वर्षीच्या कायद्याने ती अरुंद केली. १ जानेवारी २००९ पासून ज्या काळात घर तुमचे किंवा तुमच्या जोडीदाराचे मुख्य निवासस्थान नव्हते, त्या काळाच्या प्रमाणात नफ्याचा भाग करपात्रच राहतो. उदाहरणार्थ, जानेवारी २०१५ मध्ये घेतलेले घर सहा वर्षे भाड्याने दिले, मग दोघे २०२१ ते २०२४ अशी चार वर्षे तेथे राहिले आणि वर्षअखेरीस ते विकले. घसाऱ्याचा (भाड्याच्या घराच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणाऱ्या वजावटीचा) भाग सोडून नफा ४,००,००० डॉलर असेल, तर दहापैकी सहा वर्षांचा वाटा म्हणजे २,४०,००० डॉलर करपात्र ठरतात. उरलेले १,६०,००० सवलतीस पात्र आहेत.

हाच क्रम उलटा असेल, म्हणजे आधी राहिलात आणि सोडल्यानंतर भाड्याने दिले, तर पाच वर्षांच्या त्या चौकटीत शेवटच्या वास्तव्यानंतरचा काळ या वाटणीत धरला जात नाही. सदनिका सोडून तीन वर्षांच्या आत विकणाऱ्या तिसऱ्या प्रश्नातील पत्नीला हा अपवाद उपयोगी पडतो. नोकरीतील बदल किंवा आजारपण यांमुळे एकूण दोन वर्षांपर्यंतची तात्पुरती गैरहजेरीही माफ आहे.

भाड्याच्या काळात घेतलेला किंवा घेता आला असता असा घसारा कोणत्याही परिस्थितीत वगळला जात नाही. ६ मे १९९७ नंतरच्या घसाऱ्याइतक्या नफ्यावर कमाल २५ टक्के दराने कर लागतो. घसारा विवरणपत्रात दाखवलाच नाही म्हणून तो सुटला असे होत नाही. ‘घेता आला असता’ या तीन शब्दांनी अनेकांची झोप उडवली आहे.

९. दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच एखादे घर विकावे लागले तर?

नोकरीतील बदल, प्रकृती किंवा अनपेक्षित परिस्थिती हे विक्रीचे मुख्य कारण असेल तर प्रमाणशीर मर्यादा मिळते. दोघेही १५ महिने राहिले असतील तर ५,००,००० चे २४ पैकी १५ भाग, म्हणजे ३,१२,५०० डॉलरपर्यंत वगळता येतात. ही कपात मर्यादेची असते, नफ्याची नव्हे. त्यामुळे नफा त्याहून कमी असेल तर तो पूर्णच सुटतो. नोकरीच्या बाबतीत नवे कार्यालय जुन्या कार्यालयापेक्षा विकलेल्या घरापासून किमान ५० मैल अधिक दूर असेल तर कारण सहज मान्य होते. अनपेक्षित परिस्थितीत घटस्फोट, बेरोजगारी आणि एकाच बाळंतपणात एकाहून अधिक मुले होणे यांचा समावेश आहे. प्रकृतीच्या कारणात केवळ स्वतःचे आजारपण येते असे नाही. आईवडील किंवा सासूसासरे यांची शुश्रूषा करण्यासाठी घर बदलणेही त्यात बसते, हे आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

१०. आमचा दुसरा फ्लॅट पुण्यात आहे. त्याच्या विक्रीला ही सवलत लागू होते का?

कलम १२१ मध्ये घर अमेरिकेत असावे अशी अट नाही. पण गेल्या पाच वर्षांतील दोन वर्षे ते तुमचे मुख्य निवासस्थान असावे लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे उघडले जाणारे घर त्यात बसत नाही. भारतात दोन-तीन वर्षे राहून परत आलेल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी, त्यांना लाभ होऊ शकतो. बाकीच्यांसाठी पुण्याचा फ्लॅट हा अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने साधे भांडवली मालमत्तेचे प्रकरण आहे. भारतात दुसरे घर घेऊन तेथील सूट मिळवली तरी अमेरिकेत ती सूट चालत नाही.

दोन्ही देशांत कर लागू होतो, कारण भांडवली नफ्यावर प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यानुसार कर आकारावा असे भारत-अमेरिका करारात म्हटले आहे. दुहेरी करातून सुटका होते ती भारतात भरलेल्या कराच्या श्रेयामुळे, म्हणजे तो कर अमेरिकेतील करातून वजा करता येत असल्यामुळे. आकड्यांत पाहू. फ्लॅट पन्नास लाख रुपयांना घेतला तेव्हा डॉलर ४५ रुपये होता आणि १ कोटी २६ लाखांना विकला तेव्हा ८४ रुपये, असे समजू. भारतात नफा ७६ लाख रुपये होतो. २३ जुलै २०२४ पासून अनिवासी भारतीयाला दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के दर लागतो, म्हणजे अधिभार आणि उपकर सोडून ९,५०,००० रुपये, सुमारे ११,३०० डॉलर. अमेरिकेत मात्र खरेदी खरेदीच्या दिवशीच्या दराने आणि विक्री विक्रीच्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये मांडली जाते. खरेदी सुमारे १,११,१०० डॉलर, विक्री १,५०,००० डॉलर आणि नफा अवघा ३८,९०० च्या आसपास. पंधरा टक्के दराने त्यावरील कर सहा हजारांहूनही कमी होतो आणि भारतातील कराच्या श्रेयात तो सहसा बुडून जातो. रुपया घसरल्याची एरवी हळहळ वाटते, येथे तीच घसरण कामाला येते.

हा फ्लॅट वडिलांकडून वारसाने आला असेल तर आणखी एक तफावत दिसते. भारतात वडिलांची खरेदी किंमत पुढे चालू धरली जाते, तर अमेरिकेत त्यांच्या मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत तुमची मूळ किंमत मानली जाते. म्हणून वारसाहक्काच्या वेळीच मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा दाखला घेऊन ठेवावा. वीस वर्षांनी तो मिळवताना फार पायपीट होते.

११. आम्ही भारतात कायमचे परतलो आहोत आणि न्यू जर्सीचे घर आता विकत आहोत. काय लक्षात ठेवावे?

अनिवासी परदेशी (अमेरिकेची नागरिक किंवा तेथील करनिवासी नसलेल्या) व्यक्तीलाही, पाच वर्षांतील दोन वर्षांची अट पूर्ण असेल तर, सवलत मिळते. परंतु दोघेही अनिवासी परदेशी असतील तर संयुक्त विवरणपत्र भरता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या हिश्श्यावर अडीच लाखांची मर्यादा घ्यायची असते. घर एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याची मर्यादा येथे वाया जाते. शिवाय विक्रीच्या वेळी खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे (अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याकडे) भरावी लागते. खरेदीदार स्वतः तेथे राहणार असेल आणि किंमत दहा लाख डॉलरपर्यंत असेल तर १० टक्के, तीन लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही. ही कपात नफ्यावर नव्हे, किमतीवर असते, म्हणून सवलतीमुळे कर शून्य असला तरी मोठी रक्कम अडकून पडते. विक्रीच्या तारखेपर्यंत फॉर्म ८२८८-बी भरून कपात कमी करण्याचे प्रमाणपत्र मागता येते.

१२. घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू झाल्यास?

घटस्फोटात एकाचे घर दुसऱ्याच्या नावावर झाले तर आधीच्या मालकाचा मालकीकाळ नव्या मालकाला मिळतो. घटस्फोटाच्या आदेशानुसार एक जोडीदार घरात राहत असेल आणि दुसरा सहमालक म्हणून बाहेर असेल, तर त्या काळात बाहेरच्याचाही निवास मानला जातो. जोडीदाराच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत, पुनर्विवाह न करता, घर विकल्यास हयात जोडीदाराला पाच लाखांची मर्यादा मिळते, मात्र मृत्यूपूर्वी दोघांच्या अटी पूर्ण असाव्या लागतात. त्याखेरीज मृताच्या हिश्श्याची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावावर येते. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन यांसारख्या सामुदायिक मालमत्तेच्या राज्यांत (जेथे लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता साधारणपणे दोघांची समान मानली जाते) सामुदायिक मालकीचे पूर्ण घरच त्या भावावर येते. तेथे अनेकदा सवलतीची गरजही उरत नाही.

१३. नफा मोजताना काय धरायचे आणि कोणते कागद जपायचे?

विक्रीच्या किमतीतून दलाली आणि विक्रीखर्च वजा करायचा, मग मूळ किंमत वजा करायची. मूळ किमतीत खरेदी, नोंदणीचा व मालकीहक्काच्या विम्याचा खर्च आणि नंतरच्या सुधारणा येतात. नवे छप्पर, नवी खिडकी, तळघर राहण्याजोगे करणे, स्वयंपाकघर नव्याने बांधणे या सुधारणा होत. भिंतींना रंग देणे, गळका नळ बदलणे ही दुरुस्ती होय आणि ती यात धरता येत नाही. दोन घरे असली की प्रत्येकाच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्यात. एका जोडप्याच्या बुटांच्या खोक्यात दोन्ही घरांच्या पावत्या एकत्र होत्या आणि छप्पर बदलणाऱ्या कंत्राटदाराने बिलावर पत्ताच लिहिलेला नव्हता. १८,००० डॉलरचे ते छप्पर नेमके कोणत्या घराचे, हे शेवटी जुन्या छायाचित्रांवरून ठरवावे लागले. पावतीवर घराचा पत्ता लिहायला दहा सेकंद लागतात.

तोटा झाला तर? राहत्या घराच्या विक्रीतला तोटा वजा करता येत नाही. एका घरावरचा तोटा दुसऱ्या घराच्या नफ्यातूनही कापता येत नाही.

१४. पूर्ण नफा माफ असेल तर विवरणपत्रात काही दाखवावे लागते का?

व्यवहार पूर्ण करणारी कंपनी टेबलावर जे कागद पुढे करते त्यात एक प्रमाणपत्र असते. सवलतीच्या अटी पूर्ण आहेत आणि पूर्ण नफा वगळला जाणार आहे असे विक्रेत्याने त्यावर लिहून दिले, तर त्या कंपनीला सामान्यतः १०९९-एस हा घरविक्रीची माहिती आयआरएसला कळवणारा फॉर्म भरावा लागत नाही. दोन घरांच्या बाबतीत या प्रमाणपत्रावर घाईने सही करू नये, कारण गेल्या दोन वर्षांत दुसरे मुख्य निवासस्थान विकले नाही असे विधानही त्यात असते. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनीही ते स्वतंत्रपणे भरायचे असते.

१०९९-एस आला असेल तर नफा शून्य असला तरी विक्री फॉर्म ८९४९ आणि शेड्यूल डी या भांडवली नफ्याच्या फॉर्मांत दाखवावी लागते. वगळलेली रक्कम तेथे ‘एच’ या कोडसह वजा करून लिहितात. दोन घरे एकाच वर्षी विकली असतील तर दोन वेगळ्या ओळी येतात आणि प्रत्येक ओळीतील वजावट ज्याच्या त्याच्या मर्यादेत बसते की नाही हे पुन्हा एकदा तपासावे. राज्याच्या करासाठी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाही मुख्य निवासस्थानावरील ही सवलत मान्य करतात.